सर्वांत जुना चाहता

‘दीपस्तंभ’चा नववा भाग येणार ही बातमी पट्टीरावांना कळली, तेव्हा ते भूमापन कार्यालयाच्या नकाशा विभागात उंच स्टुलावर बसून एका विहिरीची हद्द आखत होते. टेबलाच्या कडेला ठेवलेला फोन थरथरला, पट्टीरावांनी तिरक्या नजरेनं पडद्याकडे पाहिलं, हात हलला आणि विहीर शेजारच्याच्या शेतात गेली. सव्वीस वर्षांच्या नोकरीत त्यांची रेघ कधी चुकली नव्हती. पण बातमीच तशी होती. अकरा वर्षं वाट पाहिल्यावर विहीरच काय, अख्खं गाव इकडचं तिकडे झालं असतं तरी त्यांना त्याचं काही वाटलं नसतं.

पट्टीराव हे अर्थात त्यांचं खरं नाव नव्हे. शर्टाच्या खिशात कायम सहा इंची पोलादी पट्टी असायची, म्हणून ऑफिसानं ते ठेवलं, इमारतीनं उचललं आणि शेवटी घरातही रुळलं. ‘दीपस्तंभ’ म्हणजे टीव्हीला जोडून खेळायचा व्हिडिओ गेम. त्यात एक माणूस असतो, एक होडी असते आणि समुद्रभर विझलेले दिवे असतात. बेटाबेटांवर जायचं, वादळातून वाट काढायची, दिवा पेटवायचा आणि जाता जाता नकाशा आपल्या हातानं काढत जायचा. पहिला भाग आला तेव्हा पट्टीराव अविवाहित होते. दुसऱ्या आणि तिसऱ्या भागाच्या मधल्या काळात त्यांचं लग्न झालं. मुलगी चौथ्या भागात झाली. घरातल्या बाकीच्या तारखा ते असेच लक्षात ठेवत, आणि बायको त्यावर काय बोलत असे ते इथं लिहिण्यात अर्थ नाही.

सातव्या भागापर्यंत सगळं सुरळीत होतं. आठव्यात कंपनीला अवदसा आठवली आणि तिनं होडीच्या टोकावर एक बोलका बगळा आणून बसवला. “डावीकडे वळा कप्तान! खडक आहे कप्तान! दिवा समोरच आहे कप्तान!” नकाशा काढायची गरजच उरली नाही. जगभरचे चाहते चिडले, पण पट्टीरावांनी ते अगदी मनाला लावून घेतलं. ज्या माणसानं आयुष्यभर लोकांना त्यांच्या जमिनी दाखवल्या, त्याला एका पक्ष्यानं रस्ता दाखवावा! त्या दिवसापासून ते खऱ्या बगळ्यांकडेही बघेनासे झाले.

त्याच संध्याकाळी साडूभाऊंचा फोन आला.

“दादा, कळलं का? नववा येतोय! बगळा असेल ना हो त्यात?”

पट्टीरावांनी डोळे मिटले. साडू हे नातंच मुळी माणसाला तराजूत बसवण्यासाठी निघालेलं आहे. एकाच घरच्या दोन बहिणी दोन पुरुषांना देतात आणि मग सगळे नातेवाईक जन्मभर दोन्ही पारड्यांकडे बघत राहतात. पट्टीरावांचं पारडं कायम वर असे, म्हणजे हलकं. साडूभाऊंचं चष्म्याचं दुकान होतं. हसतमुख, गुबगुबीत, कुणाशीही दोन मिनिटांत ओळख काढणारा माणूस. ते रांगेत शेवटी उभे राहिले की नेमकी दुसरी खिडकी उघडायची. पट्टीराव छत्री घेऊन निघाले की ऊन पडायचं, आणि साडूभाऊ छत्री विसरले की कुणीतरी गाडी थांबवून त्यांना घरी सोडायचं. हे सगळं पट्टीरावांनी सोसलं होतं. ‘दीपस्तंभ’ तेवढा आपला, एवढ्याच समाधानावर त्यांनी दिवस काढले होते. तर सहाव्या भागाच्या सुमारास साडूभाऊ त्यातही शिरले. सहाव्या भागाच्या! म्हणजे पंगत उठत आल्यावर यायचं आणि यजमानाला विचारायचं, मीठ जरा जास्त झालंय का हो?

कंपनीनं जाहीर केलं होतं, की नव्या भागात काय हवं ते जुन्या चाहत्यांनी कळवावं. पट्टीराव बसले आणि एका आठवड्यात एक्केचाळीस अपेक्षांची यादी तयार झाली. बगळा काढणे, ही पहिली. नकाशाला मोजपट्टी हवी, ही दुसरी. भरती-ओहोटीच्या वेळा, दोऱ्यांच्या गाठी, पाचव्या भागातल्या चौथ्या बेटाची उत्तर दिशा चुकली आहे ती दुरुस्त करणे, असं करत करत ते एक्केचाळिसाव्याला पोचले. ती अशी होती: ‘कंपनीने यापुढे जुन्या चाहत्यांना विचारल्याशिवाय काहीही करू नये.’

अडचण एकच निघाली. एकट्या माणसाला फक्त दोनशे अक्षरांत मत मांडायचं होतं. दोनशे अक्षरांत पट्टीरावांचा मायनासुद्धा आटपत नसे. हवं तेवढं लिहायची मुभा फक्त नोंदणीकृत चाहता मंडळांना होती.

“मग मंडळ नोंदवू,” पट्टीराव म्हणाले.

“अहो, खेळायचं सोडून हे काय?” बायको म्हणाली.

“खेळणं कुणीही करतं. जबाबदारी कुणी घ्यायची?”

यावर बायकोनं भांडी आवरायला घेतली. त्या घरात हाच निकाल समजला जाई.

नोंदणी कार्यालयातल्या कारकुनानं अर्ज वरून खाली वाचला, उलटा करून मागची कोरी बाजू तपासली, मग परत सुलटा केला.

“उद्देश काय?”

“लिहिलाय ना. दीपस्तंभाच्या नवव्या भागाबाबत चाहत्यांच्या अपेक्षा संकलित करणे.”

“दीपस्तंभ म्हणजे समुद्रातला?”

“हो. म्हणजे, खेळातला.”

“आधी हो म्हणालात. समुद्रातला असेल तर बंदर खात्याचा ना-हरकत दाखला लागेल.”

“अहो, पण आपल्या शहराला समुद्रच नाही!”

“समुद्र नसला म्हणून काय झालं? खातं आहे.”

खातं खरंच होतं. तिसऱ्या मजल्यावर, जिन्याच्या कोपऱ्यात, एक खोली, एक कपाट आणि एक अधिकारी. कितीतरी दिवसांनी कुणी आलं म्हणून त्या भल्या माणसानं चहा मागवला, आपल्या सायटिकाची हकीकत सांगितली, पट्टीरावांची अख्खी यादी वाचून काढली आणि भरती-ओहोटीच्या कलमाला मनापासून दाद दिली. मग ते हळहळून म्हणाले, “खरा दीपस्तंभ असता तर आत्ता शिक्का मारला असता. खेळातला म्हणजे क्रीडा खातं.”

क्रीडा खात्यात शिट्टी गळ्यात घातलेल्या बाईंनी विचारलं, “मैदानी की बैठा?”

“बैठा.”

“एका बाजूला किती खेळाडू?”

“एकच असतो. समोर कुणी नसतं.”

बाई विचारात पडल्या. “मग हरतं कोण?”

पट्टीरावांना आठवा भाग आठवला आणि ‘आम्ही’ असं म्हणावंसं वाटलं. सगळ्यात जास्त झोंबलं ते वेगळंच. “याचा नमुना वेगळा आहे, साहेब जेवायला गेलेत, गुरुवारी या” ही दर खिडकीवर ऐकावी लागलेली वाक्यं त्यांची स्वतःची होती. इतकी वर्षं त्यांनीच ती खिडकीच्या आतून लोकांना ऐकवली होती. बाहेरून ती अशी ऐकू येतात याची त्यांना कल्पना नव्हती.

शेवटी त्यांच्या इमारतीच्या तळमजल्यावरचे निवृत्त हेडमास्तर मदतीला धावले. त्यांनी उद्देश बदलून ‘वाचन, लेखन व समुद्रपर्यटन यांची गोडी वाढवणे’ असा लिहून दिला आणि कारकुनानं तो एका झटक्यात मंजूर केला. फक्त सात सभासद लागत होते. पट्टीराव, बायको, नुकतीच नोकरीला लागलेली मुलगी आणि हेडमास्तर मिळून चार झाले. वरच्या मजल्यावरच्या काकू पाचव्या. उरलेल्या दोन जागांसाठी पट्टीरावांनी शहर पालथं घातलं, पण ‘दीपस्तंभ’ म्हटल्यावर ओळखीचे लोक रस्ता ओलांडू लागले. बायको म्हणाली, “अहो, माझी बहीण आहे, तिचा नवरा आहे. घरचीच माणसं.” अशा रीतीनं पट्टीरावांनी स्वतःच्या हातानं साडूभाऊंना मंडळात घेतलं.

पहिली सभा रविवारी दुपारी पट्टीरावांच्या बैठकीच्या खोलीत भरली. पट्टीरावांनी उभं राहून यादीचं वाचन सुरू केलं. नवव्या कलमाला काकूंनी हात वर केला.

“गच्चीच्या गळतीचं कधी घेणार?”

“काकू, हे खेळाबद्दल आहे.”

“पण पत्र मोठ्या कंपनीला जातंय ना? मग एवढ्या मोठ्या कंपनीला एक गळती जड आहे का?”

पाऊण तास वाद झाला आणि गळती बेचाळिसाव्या कलमात गेली. हेडमास्तरांनी ‘वादळे जास्त भीषण असावीत’ हे ‘वादळे भीषणतर असावीत’ असं दुरुस्त केलं आणि त्या एका शब्दावर वीस मिनिटं घेतली. मेहुणी खिडकीशी बसून फोनवर काहीतरी खेळत होती. साडूभाऊ प्रत्येक कलमाला “वा दादा!” म्हणत होते, आणि प्रत्येक ‘वा’ला पट्टीरावांच्या कपाळावरची आठी एका इंचानं वाढत होती.

मग अध्यक्षांची निवड आली. पट्टीरावांनी घसा साफ केला, नजर खाली वळवली आणि नम्रपणे नाव पुकारलं जाण्याची वाट पाहिली.

“अध्यक्ष कसा हसतमुख हवा,” असं म्हणून बायकोनं साडूभाऊंचं नाव सुचवलं.

स्वतःची बायको! काकूंनी अनुमोदन दिलं, मुलीनं टाळ्या वाजवल्या. साडूभाऊ “अहो, दादा असताना मी कसा?” म्हणत उठले आणि म्हणता म्हणता अध्यक्षांच्या खुर्चीत बसलेही. ती खुर्ची पट्टीरावांची नेहमीची होती. पट्टीरावांना चिटणीस केलं, म्हणजे पत्र लिहायचं काम त्यांच्याकडेच राहिलं आणि सही मात्र साडूभाऊंची.

त्रेचाळीस पानी निवेदन गेलं. (हेडमास्तरांनी प्रस्तावना जोडली होती.) तिसऱ्याच मिनिटाला उत्तर आलं: ‘तुमचं मत आमच्यासाठी मोलाचं आहे.’ पट्टीरावांना भरून आलं. तीन मिनिटांत त्रेचाळीस पानं कुणी वाचली असतील, हा प्रश्न मुलीनं विचारला. त्यांना तो आवडला नाही.

त्यानंतर महिनाभर काही घडलं नाही. मग एका सकाळी, पट्टीराव दाढी करत असताना, मेहुणीचा फोन आला आणि बायको स्वयंपाकघरातून ओरडली, “अहो, ऐकलंत का! भाऊजींना कंपनीनं बोलावलंय! खेळ बाजारात यायच्या आधी खेळून बघायला! विमानानं!”

वस्तरा जागच्या जागी थांबला.

झालं असं होतं, की साडूभाऊंनी मंडळाचं पत्र जायच्या आधी, दुकानात गिऱ्हाईक नसताना, आपलं म्हणून दोनशे अक्षरांच्या चौकटीत दोन ओळी टाकून दिल्या होत्या: ‘बगळा राहू द्या. पण त्याला मधूनमधून झोप लागू द्या. बिचारा अकरा वर्षं बोलतोय.’ कंपनीत हजारो पत्रं आली होती, त्यांत ही चिठ्ठी म्हणे सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवली गेली आणि सगळे खूप हसले. म्हणून निवडक जुन्या चाहत्यांत साडूभाऊंचा नंबर लागला.

‘जुन्या’ या शब्दावर पट्टीरावांची जीभ दिवसभर अडखळत राहिली. ऑफिसात त्यांनी दोन नकाशांवर उत्तर दिशा दक्षिणेला दाखवली. जेवणाच्या सुट्टीत शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्यानं विचारलं, “पोटात दुखतंय का?” पट्टीराव म्हणाले, “हो.” आणि ते अगदी खरं होतं.

जायच्या आदल्या दिवशी साडूभाऊ घरी आले. चहा झाला. मग ते संकोचून म्हणाले, “दादा, एक मागू? तुमचा तो शर्ट द्याल? मी तिकडे घालून जाईन.”

तो शर्ट! पहिल्या भागातले सगळे दिवे लावणाऱ्या पहिल्या शंभर जणांना कंपनीनं पाठवलेला निळा शर्ट, छातीवर एक छोटा दिवा. कपाटाच्या तळाशी कागदात गुंडाळून ठेवलेला. पट्टीरावांना तो गेली कित्येक वर्षं होत नव्हता, पण हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं.

“तुमच्यातर्फे काहीतरी तिथं जायला हवं ना,” साडूभाऊ म्हणाले.

बायको बघत होती. मुलगी बघत होती. दिला नसता तर कोते ठरले असते, आणि दिला तर मूर्ख. पट्टीरावांनी मूर्ख व्हायचं ठरवलं.

चौथ्या दिवशी मुलीनं फोन त्यांच्यासमोर धरला. कंपनीच्या पानावर मोठा फोटो झळकत होता. एका पांढऱ्याशुभ्र दालनात साडूभाऊ बसलेले, अंगात निळा शर्ट, दिवा छातीवर इतका ताणला गेलेला की तो दीपस्तंभ आडवा झोपल्यासारखा दिसत होता. खाली लिहिलं होतं: ‘भेटा आमच्या सर्वांत जुन्या चाहत्याला! पहिल्या भागापासून आमच्यासोबत!’ त्याखाली लाखभर लोकांनी बदाम टाकले होते.

“बाबा, तुम्ही ठीक आहात ना?”

“शर्ट सैल होईल,” पट्टीराव एवढंच म्हणाले.

हेव्याचा एक गुण आहे, तो माणसाला कामाला लावतो. साडूभाऊ परत आल्यावर त्यांच्याकडे फिरकायचं नाही, असं पट्टीरावांनी मनाशी ठरवलं होतं, आणि ते दोन दिवस टिकलं. आत काय आहे? नकाशा परत आला का? मोजपट्टी आहे का? चौथ्या बेटाची उत्तर? सगळं त्या गुबगुबीत डोक्यात बंद होतं आणि फोनवर विचारलं की साडूभाऊ म्हणायचे, “कागदावर सही केलीय हो दादा. खेळ येईपर्यंत एक अक्षर बोलायचं नाही.”

शेवटी पट्टीराव डोळे तपासण्याच्या निमित्तानं दुकानात गेले. साडूभाऊंनी त्यांना उंच खुर्चीत बसवलं, नाकावर लोखंडी चौकट चढवली, एका डोळ्यासमोर झाकण सरकवलं.

“तिसरी ओळ वाचा.”

“बगळा ठेवलाय का हो?”

“तिसऱ्या ओळीत बगळा नाही, दादा.”

“बरं, नुसती मान हलवा. ठेवला असेल तर वरखाली.”

“मान हलवली तर तुमचा नंबर चुकेल. चौथी ओळ?”

“नकाशाचं तरी सांगा. घरचा माणूस म्हणून विचारतोय.”

साडूभाऊंचा चेहरा उतरला. ते भिंग पुसू लागले आणि बराच वेळ पुसत राहिले. त्यांच्या तोंडावर काही क्षण असा काही भाव होता की पट्टीरावांना वाटलं, आता बोलतील. पण ते एवढंच म्हणाले, “जवळचा नंबर वाढलाय तुमचा. चष्मा करून घ्या.”

पट्टीराव नवा चष्मा आणि जुना जळफळाट घेऊन घरी आले. जेवताना त्यांनी बायकोला सांगितलं, “माणसाला जरा मान मिळाला की तो कसा होतो बघ. तोंडातून शब्द काढेना.”

“सही केलीय म्हणून,” बायको म्हणाली.

“सही! मी रोज शंभर सह्या करतो. मी बोलतो की नाही?”

“बोलता हो,” बायको म्हणाली. तिच्या त्या ‘हो’त बरंच काही होतं.

नववा भाग आला तो एका रविवारी सकाळी. पट्टीरावांनी आंघोळ करून, नवा चष्मा लावून, टीव्हीसमोर बैठक मारली. बायको आणि मुलगी सामान आणायला बाहेर गेल्या होत्या. पडद्यावर निळं पाणी पसरलं, संगीत सुरू झालं, आणि तेवढ्यात दाराची घंटा वाजली.

दारात साडूभाऊ होते. हातात निळा शर्ट, धुऊन, इस्त्री करून, घडी घातलेला. केस विस्कटलेले. हसू नाही.

“ताई आहेत?”

“बाहेर गेल्यात.”

“मग दार लावून घेऊ का, दादा?”

ते आत आले, सोफ्याच्या कडेवर बसले आणि पाणी मागितलं. पट्टीरावांना वाटलं, दुकानाला काही झालं.

“आता खेळ आलाय, म्हणजे सही संपली,” साडूभाऊ म्हणाले. “आता लोक विचारतील. दुकानात कालपासून विचारताहेत. मी काय सांगू? मी काही पाहिलंच नाही हो.”

“म्हणजे?”

“तिथं प्रत्येकाला तीन तास दिले होते. मला होडी धक्क्यातून बाहेरच काढता आली नाही. तीन तास! नुसती धडकत होती. पुढे घ्यायला गेलो की मागे, मागे घ्यायला गेलो की भिंतीवर. शेवटी मी तो कंट्रोलर खाली ठेवला आणि गप्प बसून राहिलो. बाकीचे सगळे खेळण्यात गुंगलेले, मोकळा असा मी एकटाच. म्हणून फोटोवाल्यानं माझा फोटो काढला.”

पट्टीराव उभेच राहिले. “पण तुम्ही तर सहाव्या भागापासून...”

“मी कुठं खेळतो? ती खेळते. तुमची मेहुणी. मी शेजारी बसतो, बगळ्याचं ऐकतो, चहा देतो. मला डावं-उजवं कळत नाही त्यातलं.” त्यांनी शर्ट मांडीवर ठेवला. “आणि शर्ट तुमचा आहे हे मी सांगितलं होतं हो. आईशपथ. पण त्यांच्या भाषेत साडूला शब्दच नाही. बायकोच्या बहिणीच्या नवऱ्याचा, असं म्हटलं, तर ते हो हो म्हणाले, माझी पाठ थोपटली आणि फोटोखाली ‘सर्वांत जुना चाहता’ लिहून टाकलं.”

पट्टीरावांच्या आत जे उसळलं त्याला आनंद म्हणणं सौम्य होईल. तीन तास धक्क्यावर! सर्वांत जुना चाहता! ही गोष्ट बायकोला सांगायची, मेहुणीला सांगायची, काकूंना, हेडमास्तरांना, त्या लाखभर बदामवाल्यांना. मनातल्या मनात त्यांची सांगून झालीसुद्धा, हातवाऱ्यांसकट. इतकं मोकळं त्यांना कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं.

“पण मग तुम्ही यात पडलातच कशाला?” त्यांनी विचारलं.

साडूभाऊंनी मांडीवरच्या शर्टाची घडी सारखी केली. “लग्नानंतर पहिल्यांदा तुमच्याकडे आलो होतो ना, तेव्हा तुम्ही मला दोन तास नकाशे दाखवले होते. वहीत काढलेले. एकेका बेटाचे. मला ओ की ठो कळलं नाही. पण घरी जाताना वाटलं, या माणसाकडे काहीतरी आहे. मी दिवसभर लोकांशी बोलतो, हसतो, आणि घरी आल्यावर मला असं कवटाळून बसावं असं काहीच नाही. हेवा वाटला हो तुमचा. म्हटलं, आपणही तेच धरू, निदान दादांशी बोलायला काही तरी होईल.”

पट्टीरावांचा कुणी हेवा करील, ही गोष्ट त्यांच्या हिशेबात कुठंच नव्हती, आणि ती ऐकल्यावर मघाची ती सांगायची हकीकत घशाशी येऊन थांबली. थोडं वाईटही वाटलं, कारण ती फार चांगली जमली होती.

त्यांनी शर्ट उचलला, उघडून पाहिला. दिवा खरोखरच थोडा आडवा झाला होता. त्यांनी घडी घालून तो बाजूला ठेवला आणि कंट्रोलर साडूभाऊंच्या हातात दिला.

“अहो नको, दादा. तुमचा नवा खेळ आहे. तुम्ही आधी...”

“धरा. डावा अंगठा इथं. उजवा लागत नाही अजून. आणि घाई करू नका.”

होडी धक्क्याला धडकली. मागे गेली, भिंतीला धडकली. पट्टीरावांनी दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले, नाहीतर ते आपोआप पुढे जात होते. पाचव्या वेळी ते “डावीकडे!” म्हणून ओरडले, आणि आपण नक्की कुणासारखे ओरडलो हे लक्षात येऊन गप्प झाले. खरा बगळा होडीच्या टोकावर मान पंखात खुपसून घोरत होता. साडूभाऊंनी तिकडे बोट दाखवून हळूच विचारलं, “झोपलाय?” आणि त्या नादात होडी सातव्यांदा धडकली.

अकराव्या वेळी, कुणाला काही कळायच्या आत, धक्का मागे पडला. समोर पाणीच पाणी, वर करडं आभाळ, आणि कोपऱ्यात एक कोरा नकाशा, ज्यावर अजून एक रेघही नव्हती.

साडूभाऊंच्या कपाळावर घाम आला होता. “निघालो!” ते म्हणाले. “दादा, निघालो की हो! छान झालं ना?”

“छान,” पट्टीराव म्हणाले. हा शब्द त्यांनी साडूभाऊंसाठी कधी वापरला होता का, हे त्यांना आठवेना.

“आता कुठं जायचं?”

पट्टीरावांनी नवा चष्मा सारखा केला आणि पडद्याच्या जवळ सरकले. उत्तर कुठं, बेटं कुठं, वारा कुठून, काहीच ओळखीचं नव्हतं. पहिल्या भागात, लग्नाआधीच्या भाड्याच्या खोलीत, एकट्यानं बसून पाहिलं होतं तेव्हा नव्हतं तसंच.

“मलाही माहीत नाही,” ते म्हणाले, आणि वही आणायला उठले.